बांधाचा माणूस

कोनखारच्या बांधावर बसून देवीचं मीठ खाल्लेला माणूस कोनखारला कधी दगा देणार नाही, याबद्दल त्या गावात कोणाला शंका नव्हती. शंका काढायला फुरसत तरी कुठे होती! दिवा गावाच्या पुढे, खाडीच्या अगदी कडेला वसलेलं ते आगरी गाव. खाडी आणि गाव यांच्यामध्ये एक मातीचा बांध. बांधाच्या आत मिठाचे वाफे, वाफ्यांच्या आत गुडघाभर उंचीची दुसरी बांधोळी, आणि तिच्या आत भाताची खाचरं, गोड्या पाण्याची एकच विहीर आणि घरं. बाहेरचा बांध उभा आहे तोवर गाव उभं, इतका सरळ हिशेब होता.

ठाण्याच्या कचेरीतले दुभाषी महिपतराव चित्रे यांना या असल्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. चांगलं इंग्रजी, त्याहून चांगलं पागोटं, आणि तलावपाळीवर संध्याकाळी चार माणसांत मान, एवढ्यावर ते खूश होते. पण एका हिवाळ्यात मुंबईहून एक तरुण गोरा माणूस चिठ्ठी घेऊन आला आणि कचेरीच्या साहेबांनी महिपतरावांना त्याच्या दिमतीला दिलं. हा गोरा इंग्रज नव्हता. नॉर्वे नावाच्या कुठल्याशा उत्तरेच्या देशातला होता, नाव ओले हेग्दाल, आणि संपत्तिशास्त्र शिकून आलेला. म्हणजे लोक काय खातात, काय कमावतात, काय वाया घालवतात याचा अभ्यास करणारा. ठाण्यातल्या लोकांनी आठवड्याच्या आत त्याचा हेगडेसाहेब करून टाकला आणि त्यालाही ते आवडलं.

हेगडेसाहेबाला मीठ बघायचं होतं. त्याच्या देशात मासे अमाप, ते खारवून जगभर विकायचे, पण मीठ पिकवायला लागणारं ऊन मात्र नाही. हे महिपतरावांनी कोनखारच्या लोकांना सांगितलं तेव्हा मालन नावाची एक तरणीताठी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आगो बाय! मंग त्यांच्या देशान पोरांना जेवाला काय घालतान? आलनी भात?"

सगळ्या बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. ज्या देशात मीठ पिकत नाही त्या देशाची त्यांना खरोखर कीव आली. त्या किवेपायीच त्यांनी साहेबाला जवळ केलं असं महिपतरावांचं मत होतं. साहेबही मोठा लाघवी. उघड्या पायांनी वाफ्यात उतरायचा, फळीनं मीठ ओढायचा, पोरीबाळींची नावं लक्षात ठेवायचा. मालनच्या पायाला तेव्हा मिठानं चरून जखम झाली होती, तर रोज आल्याबरोबर पहिलं तिला विचारायचा. आणि विचारायचा तरी किती! घरात माणसं किती, भाकऱ्या किती, मासळी कोणत्या दिवशी, म्हातारी माणसं काय काम करतात. धाकू पाटील, गावाचा म्होरक्या, एरवी परक्या माणसाला अंगणात उभं करायचा नाही. पण या पोराच्या प्रश्नांपुढे तोही विरघळला.

चैत्री पुनवेला गावदेवीचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव बांधावर बसून नाचणीची भाकरी खायचं, आणि भाकरीवर देवीच्या वाफ्यातलं मीठ. हा वाफा बांधाला लागून होता. त्याचं मीठ विकायचं नाही, घरी न्यायचं नाही, फक्त बांधावरच खायचं. ते ज्यानं खाल्लं तो बांधाचा माणूस. धाकूनं त्या वर्षी एक भाकरी हेगडेसाहेबापुढे धरली आणि दुसरी महिपतरावांपुढे.

महिपतरावांनी हात जोडले. "आज माझा उपास आहे, पाटील."

उपासबिपास काही नव्हता. आगऱ्याच्या हातची भाकरी खाल्ली हे घरी किंवा आळीत कळलं असतं तर महिनाभर कोणी पंक्तीला घेतलं नसतं, एवढीच त्यांची भीती. धाकूला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानं भाकरी परत टोपलीत ठेवली. साहेबानं मात्र आपली भाकरी बोटं चाटूनपुसून खाल्ली आणि महिपतरावांना विचारलं, "बांधाचा माणूस म्हणजे नेमकं काय?"

धाकू सांगू लागला आणि महिपतराव ते इंग्रजीत आणू लागले. बांधाच्या माणसापासून बांधाचं काही लपवायचं नाही. या बांधाला एक पोट आहे. तिथली माती मुद्दाम भुसभुशीत ठेवलेली असते. ती जागा बाहेरच्याला ठाऊक नसते. उधाण अंगावर आलं, बांध कुठेही फुटेल असं झालं, की बांधाच्या माणसांपैकी कोणीही त्या पोटावर उभं राहायचं आणि ओरडायचं, "सोरा!" सोडा म्हणजे. मग कोणी का म्हणून विचारायचं नाही. वादाला वेळ नसतो. सगळ्यांनी कुदळी घेऊन ते पोट फोडायचं, पाणी वाफ्यांत घ्यायचं, मीठ गेलं तर जाऊ द्यायचं, पण घरं वाचवायची.

साहेबाचे डोळे चमकले. त्यानं 'सोरा' हा शब्द दोनतीनदा म्हणून बघितला, अगदी आगऱ्यांसारखा, जिभेचं टोक वळवून. बायापोरं टाळ्या पिटू लागली.

"आनि वराडला त्यानंच," धाकू पुढे म्हणाला, "वोटी लागली का पयलं ढेकूल घालाचा. त्याचं ढेकूल परल्याबगर बांद धरत नाय. त्यो नसंल तं ज्यानं त्याला बांदावं आनला त्यानं घालाचा. पुढची भरती यायच्या आदी बांद मिटला पायजे. नायतं बांधोली इरगलते नि पानी घरांत."

ओरडणाऱ्यानंच ओहोटीला पहिलं ढेकूळ घालायचं, हेही महिपतरावांनी सांगितलं. पण एक तर ऊन मी म्हणत होतं, आणि दुसरं म्हणजे खोट्या उपासानं त्यांना खरोखरीची भूक लागली होती. त्यांनी ते घाईघाईनं, अर्धंमुर्धं उरकलं. साहेबाचं तरी लक्ष कुठे होतं! तो आधीच उठून बांधाकडे बघत होता. "ते पोट कुठे आहे, मला दाखवतील का?" एवढंच त्यानं विचारलं. धाकूनं त्याला हाताला धरून नेलं आणि दाखवलं.

त्या रात्री घरी जेवताना महिपतरावांनी साहेबाचं गुणगान लावलं. त्यांची बायको गोदूबाई वाढता वाढता म्हणाली, "माणूस चांगला असेल हो. पण इतके दिवस इकडून त्याच्या गोष्टी ऐकतेय, तो विचारतो उदंड आणि स्वतःचं काही सांगत नाही. असल्या माणसाला घर दाखवावं, तिजोरी दाखवू नये."

"तुला काय कळतंय!" महिपतराव म्हणाले. बायकोचं बोलणं मनाला लागलं की ते नेहमी हेच म्हणत.

साहेब पावसाळ्याआधी मायदेशी गेला. दर वर्षी त्याचं पत्र यायचं आणि महिपतराव ते तलावपाळीवर मोठ्यानं वाचून दाखवायचे. कोनखारवर आणि त्यासारख्या गावांवर त्यानं ग्रंथ लिहिला, त्याचं नाव झालं. मग तो तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. मग लोकांनी त्याला निवडून दिलं आणि तो त्यांच्या मोठ्या सभेत, स्टोर्टिंगमध्ये जाऊन बसला. नॉर्वेला स्वतःचा राजा नव्हता, स्वीडनचाच राजा दोन्हीकडे, आणि परदेशांत वकील कोणी नेमायचे यावरून दोन्ही देशांत धुसफूस चाललेली. त्या वादात हेगडेसाहेबाची भाषणं गाजली. भांडणं न भांडता मिटवण्यात त्याचा हात धरणारा तिकडे कोणी नाही, असं त्यानं स्वतःच जरा लाजत लिहिलं होतं. ठाण्यातली मंडळी माना डोलवायची. "आमचे हेगडे बरं का," म्हणायची.

पण महिपतराव एकटे असताना ती पत्रं पुन्हा काढून वाचत तेव्हा त्यांना काहीतरी खुपायचं. पहिल्या पत्रांत तो मालनच्या पायाची चौकशी करायचा, धाकूच्या तान्ह्या राघोला दात आले का विचारायचा. पुढे पुढे तो कोनखारमध्ये घरं किती राहिली ते विचारू लागला. त्याही पुढे लहान मिठागरांविषयी एकूणात विचारू लागला. आणि आता तो काही विचारतच नव्हता. फक्त सांगत होता. लहान बांधांवर किती माणसांची किती मेहनत फुकट जाते, एकच मोठं आगर झालं तर मीठ किती स्वच्छ आणि स्वस्त होईल, आणि आपल्या देशाची जहाजं ते कसं उचलतील. ज्या शेवटच्या पत्रात तो मुंबईला आपल्या राजाचा वकील, म्हणजे कॉन्सल, म्हणून येतोय असं लिहिलं होतं, ते महिपतरावांनी तलावपाळीवर नेलंच नाही. का नेलं नाही ते त्यांना सांगता आलं नसतं.

इकडे खाडीकाठची हवा बदलत चालली होती. साखळ्या घेऊन मोजणारे लोक येऊन गेले. वरून हुकूम आला होता म्हणे की लहान मिठागरं बंद करायची, आणि कोणी चोरून पिकवू नये म्हणून त्यांचे बांध कापून टाकायचे. पलीकडच्या गावाचा बांध गेला. त्याच्या पलीकडच्याचा गेला. ती माणसं बोचकी घेऊन ठाकुर्लीच्या बाजूला रेल्वेच्या मातीकामावर लागली आणि त्यांच्या घरांच्या भिंती खाडीत विरघळताना कोनखारच्या लोकांनी बांधावरून पाहिल्या. रोज सकाळी धाकू उठायचा तो आधी पाण्याकडे नाही, वाटेकडे बघायचा.

आणि तशात बातमी पोचली की हेगडेसाहेब मुंबईला आलाय, आता लाटसाहेबाच्या शेजारी बसतो. गावात जीव आला. धाकू आता म्हातारा झाला होता, काठीशिवाय चालत नव्हता. तो आणि मालन ठाण्याला महिपतरावांच्या दारात येऊन उभे राहिले. महिपतरावांची पेन्शन झाली होती.

"चला रावसाहेब," धाकू म्हणाला. "आपला मानूस आयलाय."

मुंबईच्या त्या बंगल्यात गालिचे होते, भिंतीवर राजाचं चित्र होतं. साहेब स्थूल झाला होता, दाढी पांढरी होत आली होती. पण त्यानं त्या दोघांना दारातच ओळखलं. मालनकडे बघून मराठीत विचारलं, "पाय बरा झाला?" मालनच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यानं एकेकाचं नाव घेऊन विचारलं. मेलेल्यांसाठी खरोखर हळहळला. महिपतराव बघत राहिले. या माणसाला काहीच विसरायला होत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना भय वाटू लागलं.

धाकूनं गाऱ्हाणं सांगितलं. साहेब सगळं ऐकून इंग्रजीत म्हणाला, "त्यांना सांगा, मी इथे या सरकारचा पाहुणा आहे. पाहुण्यानं यजमानाच्या घरात बोलायचं नसतं. मी या बाबतीत एक शब्दही काढू शकत नाही."

महिपतरावांनी सांगितलं. धाकू म्हणाला, "नका बोलू. निसतं देवीच्या दिसाला या. तुमी बांदावं बसलाव का कुनाची छाती हाय कुदल मारायची?"

साहेबानं विचारलं, "कधी?"

"चैताची पुनव."

साहेबाची नजर भिंतीवरच्या पंचांगासारख्या एका कागदाकडे गेली. "पौर्णिमा," तो स्वतःशी म्हणाला. "म्हणजे मोठी भरती. दुपारची." आणि मग हसून, "येईन. नक्की येईन."

धाकू तिथेच गालिच्यावर बसला आणि रडू लागला. परतीच्या वाटेवर दोघं आनंदानं बोलत होती. महिपतराव मात्र दोन पावलं मागे राहून विचार करत होते. देवीचा दिवस म्हटल्यावर माणूस भाकरी आठवेल, गाणी आठवतील. यानं आधी भरती का बघितली?

पुनवेच्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळं कोनखार बांधावर येऊन बसलं. गडी, बाया, तान्ही पोरं, म्हातारे. कुदळी रीतीप्रमाणे शेजारी ठेवलेल्या. सरकारनं वाफे त्या वर्षी पिकू दिलेच नव्हते. देवीच्या वाफ्याच्या तळाशी राहिलेलं मूठभर मीठ मालननं नखांनी खरवडून पानात बांधून आणलं होतं. महिपतराव आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. भरतीचं पाणी बांधाच्या अंगाला लागलं आणि खाडीच्या वळणावर होडी दिसली. होडीत बांध कापायचा हुकूम घेऊन आलेला अंमलदार होता, बंदूकवाले शिपाई होते, आणि त्यांच्यामध्ये पांढरी टोपी घालून हेगडेसाहेब बसला होता.

"आयला!" लोक ओरडले. "त्यांनाच संगती बांधून आनलंय! आता कं करतान?"

महिपतरावांना ओरडावंसं वाटलं की बाबांनो, त्यानं त्यांना आणलेलं नाही, त्यांनी त्याला आणलंय. पण तेही नक्की कुठे ठाऊक होतं! साहेब उतरला, बूट काढले, अनवाणी बांधावर चढला. मालननं भाकरी पुढे केली आणि पान उलगडून होतं नव्हतं ते सगळं मीठ तिच्यावर टाकलं. साहेबानं बांधावर मांडी घालून ती भाकरी खाल्ली. अगदी पूर्वीसारखी, बोटं चाटून. धाकूनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग अंमलदारानं हुकूम वाचला. कोणी हललं नाही. त्यानं शिपायांना खूण केली, त्यांनी बंदुका खांद्यावरून काढल्या. तान्ही पोरं रडू लागली. राघो, धाकूचा मुलगा, आता चांगला बापई गडी, कुदळ धरून उभा राहिला. आता रक्त सांडणार असं सगळ्यांनाच वाटलं.

तेव्हा हेगडेसाहेब उठला. त्यानं अंमलदाराच्या दंडावर हात ठेवला, थांबा म्हणाला, आणि बांधावरून चालू लागला. सावकाश, डोकं खाली घालून, एकेक पाऊल मोजल्यासारखं. तो कुठे चाललाय ते महिपतरावांना कळलं होतं. ते धडपडत त्याच्या मागे धावले आणि पोटाच्या जागेपाशी त्याला गाठलं.

"कोणालाही इजा होता कामा नये, महिपतराव," साहेब हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं. "बांध आज ना उद्या जाणारच आहे. तो बंदुकीनं जायचा की शांतपणे, एवढंच आपल्या हातात आहे. त्यांना सांगा, सोडा म्हणावं."

आयुष्यभर महिपतरावांनी दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेले होते. शिव्या नेल्या होत्या, शिक्षा नेल्या होत्या, कधी जीभ अडखळली नव्हती. आज त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. साहेबानं क्षणभर वाट पाहिली. मग तो मान डोलावून जणू बरोबर आहे म्हणाला. हा नकारही त्यानं गृहीतच धरला असावा. तो पोटाच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडला,

"सोरा!"

तो उच्चार अगदी गावचा होता. बांधावरच्या गड्यांचे हात आपसूक कुदळींकडे गेले आणि मग जिथल्या तिथे थांबले.

"धाकूबाबा," मालन म्हणाली, "उधान कय हाय? पानी बांदाच्या कमरेपातूर नाय. क्याला सोराचा?"

धाकू काठीवर भार देऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "बांदाचा मानूस बोलला," तो म्हणाला. "इचाराचा नसतो. त्याला आपल्यापरीस काय तरी जास्ती ठावं असल. आज सोरू नि सांजला मिटवू. त्या सायबाचा हुकूमबी झाला, नि आपला बांदबी रायला. आरं, आपला मानूस हाय त्यो! उठा."

"नको!" महिपतराव ओरडले. "पाटील, ऐका माझं. तो तुमचा राहिला नाही. तो सोडायला आलाय, मिटवायला नाही. हात लावू नका!"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. धाकूनंही पाहिलं. मग तो अगदी हळू, आदर न सोडता म्हणाला, "रावसाहेब, तुमी मीठ खाल्लाव काय?"

महिपतरावांची मान खाली गेली. बांधावर त्यांच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली होती.

कोनखारच्या लोकांनी आपल्या हातांनी बांधाचं पोट फोडलं. माती भुसभुशीत होती, वेळ लागला नाही. पाणी आधी चोरासारखं आत शिरलं, मग त्यानं दोन्ही बाजूंची माती ओरबाडून वाट रुंद केली आणि गर्जत वाफ्यांवरून पसरलं. देवीचा वाफा सगळ्यात आधी गेला. अंमलदारानं समाधानानं घड्याळ खिशात ठेवलं. शिपायांनी बंदुका परत खांद्यावर अडकवल्या. भरती फिरली तशी मंडळी होडीत बसायला निघाली, कारण ओहोटीबरोबर ठाण्याला जायला सोपं पडतं.

साहेबानं महिपतरावांचा हात हातात घेतला. त्याचे डोळे ओलावले होते. "पाहिलंत?" तो म्हणाला. "एवढी माणसं होती आणि कोणाला साधा ओरखडा नाही." खरोखरच आपण या लोकांवर उपकार केला असं त्याला वाटत होतं. महिपतरावांनी हात सोडवून घेतला. "साहेब, थांबा. ओहोटीला पहिलं ढेकूळ तुम्हाला घालायचंय. तुम्ही ओरडलात ना!"

साहेबाच्या कपाळावर आठी पडली. ज्याला सगळं आठवत होतं त्याला एवढंच आठवेना. "ढेकूळ?" तो म्हणाला. "असं काही तुम्ही मला सांगितल्याचं आठवत नाही." आणि अंमलदारानं हाक मारली म्हणून तो होडीत चढला. वळण येईपर्यंत तो टोपी हलवत होता, आणि बांधावरची माणसं हात हलवत होती.

दिवस कलला. पाणी उतरलं, भगदाडातून खळखळत खाडीकडे परत जाऊ लागलं. गाव ढेकळं घेऊन दोन्ही कडांना उभं राहिलं. सगळं तयार होतं. मातीचे ढीग, बांबू, तट्ट्या, हात. पण कोणी पहिलं ढेकूळ टाकेना. सगळे खाडीच्या वळणाकडे बघत होते.

"येल," धाकू म्हणत होता. "वोटी पुरती लागली का येल."

"पाटील, तो येणार नाही हो!" महिपतराव हात जोडून म्हणाले. "घाला तुम्हीच. वेळ जातोय."

राघोनं एक ढेकूळ उचललं. मालननं त्याचा हात धरला. धाकूच्या आज्याच्या वेळी एकदा दुसऱ्यानंच ढेकूळ घातलं होतं आणि मध्यरात्री तोच जोड सुटून चार घरं झोपेत गेली होती. तेव्हापासून त्या घरांतल्या माणसांची नावं गावात कोणी मुलांना ठेवत नसे. राघोनं ढेकूळ खाली ठेवलं.

धाकू महिपतरावांकडे वळला. "त्यो नसंल तं ज्यानं आनला त्यानं घालाचा," तो पुटपुटला. "तुमीच आनलाव त्याला, रावसाहेब. पन तुमी..."

"खातो मी!" महिपतराव म्हणाले. त्यांनी पागोटं काढून बांधावर ठेवलं आणि मालनपुढे दोन्ही हात पसरले. "आण ते मीठ. आत्ता खातो. सगळ्यांच्या देखत खातो. आण गं बाई!"

मालननं पदराखालून ते पान काढलं. पान ओलं होतं, रिकामं होतं. तिनं ते उलटं करून झटकलं. "साहेबाच्या भाकरीवं घातला," ती म्हणाली. "सगला."

महिपतराव भगदाडात उतरले. देवीचा वाफा जिथे होता तिथे गुडघ्यांवर बसून त्यांनी चिखल चाचपला, ओंजळीत घेतला, आणि तोंडात घातला. चव खारट लागली. त्यांनी मोठ्या आशेनं वर पाहिलं. सूर्य मावळत होता आणि कडेवर उभ्या म्हाताऱ्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"ती खारी हाय, रावसाहेब," धाकू काठी खाडीकडे करून म्हणाला. "मीठ नव्हं."

त्यांच्या गुडघ्यांशी मघापासून बाहेर वाहणारं पाणी संथ झालं, थोडा वेळ जागच्या जागी थांबलं, आणि मग हळूच गावाच्या दिशेनं वाहू लागलं.